सिग्राफसाठी व्हँकुव्हरला जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्राफिक्स आणि ॲनिमेशनचे विद्यार्थी, स्टुडिओत नोकरी करणारे आणि "मीपण बरोबर येऊ का?" म्हणणारी त्यांच्या घरची माणसं, यांच्याकडून जे प्रश्न परत परत येतात ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं व्हँकुव्हरपुरतीच आहेत. फी, तिकिटं आणि व्हिसाचे नियम बदलत राहतात, म्हणून रकमा मुद्दाम कमी दिल्या आहेत. पैसे भरण्याआधी अधिकृत माहिती बघाच.

१. सिग्राफ म्हणजे नेमकं काय? घरचे विचारतात तेव्हा मला नीट सांगता येत नाही.

घरी असं सांगा: पडद्यावरचं पाणी, केस, धूर खरे वाटावेत म्हणून लागणारं गणित शोधणारे लोक आणि ते गणित वापरून सिनेमे आणि गेम बनवणारे लोक वर्षातून एकदा जिथे भेटतात ती परिषद. पहिली १९७४ मध्ये अमेरिकेत कोलोरॅडोतल्या बोल्डरला झाली. शोधनिबंध, अभ्यासवर्ग, सिनेमांच्या पडद्यामागच्या गोष्टी, लघुपट आणि कंपन्यांचं प्रदर्शन असं सगळं एका छताखाली असतं. घरच्यांना ओळखीचं नाव हवं असेल तर नाशिकचे, पुण्याच्या सीओईपीत शिकलेले रमेश रासकर सांगा. २०१७ मध्ये सिग्राफने त्यांना कॉम्प्युटर ग्राफिक्समधल्या कामगिरीचा पुरस्कार दिला.

२. दर वर्षी व्हँकुव्हरलाच असते का?

नाही, पण फिरून फिरून तिथे येते: २०११, २०१४, २०१८, २०२२ आणि २०२५. मधल्या वर्षांत २०२३ ला लॉस एंजेलिस, २०२४ ला डेन्व्हर अशी इतर शहरं होती. व्हँकुव्हरला मुख्य ओढ आहे ती स्टुडिओंची. सोनी पिक्चर्स इमेजवर्क्सने २०१४ मध्ये आपलं मुख्यालयच तिकडे हलवलं. आयएलएम आणि डीएनईजी या दोन्ही व्हीएफएक्स स्टुडिओंची कार्यालयं व्हँकुव्हरला आहेत तशी मुंबईतही आहेत, त्यामुळे प्रदर्शनाच्या रांगेत मागून मराठी कानावर पडली तर दचकू नका. सिग्राफ एशिया ही वेगळी परिषद आहे, तिच्याविषयी प्रश्न २० पाहा.

३. नोंदणीचे इतके प्रकार आहेत. कोणता घ्यावा?

नावं वर्षागणिक बदलतात, पण मुळात तीन पायऱ्या असतात: सगळं पाहू देणारी पूर्ण नोंदणी, निवडक कार्यक्रमांची मधली आणि फक्त प्रदर्शनाची सगळ्यात स्वस्त. संशोधन करत असाल किंवा कंपनी पैसे देत असेल तर पूर्ण घ्या. कलाकार असाल, म्हणजे मॉडेलिंग, लायटिंग, कॉम्पोझिटिंग करत असाल, तर बहुतेक वेळा मधली पुरते. मात्र तिच्यात प्रॉडक्शन सेशन (सिनेमांच्या पडद्यामागच्या गोष्टी) आणि इलेक्ट्रॉनिक थिएटर (निवडक लघुपटांचा खेळ) आहेत की नाही, ते आधी वाचा. फक्त प्रदर्शनासाठी भारतातून जाण्यात काही अर्थ नाही. विद्यार्थ्यांनी एसीएमचं, म्हणजे सिग्राफच्या मातृसंस्थेचं, विद्यार्थी सभासदत्व आधी घ्यावं. सवलतीतून त्याची वर्गणी वसूल होऊन वर उरते.

४. विद्यार्थी स्वयंसेवक होऊन फुकट जाता येतं म्हणतात, खरं का?

नोंदणी फुकट मिळते, प्रवास नाही. ठरलेले तास काम करायचं, म्हणजे दारावर बॅज तपासणं, रांगा लावणं, वक्त्यांना मदत करणं, आणि उरलेल्या वेळात परिषद बघायची. काही जणांना प्रवासासाठी थोडी मदत मिळते, पण तिच्या भरवशावर तिकीट काढू नका. अर्ज परिषदेच्या कित्येक महिने आधी बंद होतो, त्यामुळे मे महिन्यात विचारणाऱ्यांना उत्तर बहुतेक "पुढच्या वर्षी" असंच मिळतं. एक फायदा कोणी सांगत नाही: या कामात जगभरच्या आपल्या वयाच्या मुलांशी जी ओळख होते ती हॉलमध्ये नुसतं बसून होत नाही.

५. व्हिसा कोणता आणि कधी अर्ज करायचा?

कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा. नोंदणी केली की परिषदेकडून निमंत्रणपत्र मागवता येतं. ते अर्जाला जोडा, पण त्यावर व्हिसा मिळेलच असं धरून चालू नका. बोटांचे ठसे आणि फोटो व्हिसा केंद्रात द्यावे लागतात. एकदा दिले की दहा वर्षं चालतात, त्यामुळे आधी कधी कॅनडाचा अर्ज केला असेल तर तारीख तपासा. मंजुरीनंतर पासपोर्ट शिक्क्यासाठी पुन्हा पाठवावा लागतो आणि हे दिवस लोक हिशोबात धरत नाहीत. परिषद ऑगस्टमध्ये असेल तर मार्च-एप्रिलमध्येच कामाला लागा. हॉटेल मात्र रद्द करता येईल असंच घ्या.

६. विमान अमेरिकेत बदलतंय. कॅनडाचा व्हिसा आहे, तेवढा पुरे ना?

पुरे नाही. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेत फक्त विमान बदलायचं असलं तरी अमेरिकेचा व्हिसा लागतो, कारण तिथे इमिग्रेशन न ओलांडता पुढचं विमान पकडायची सोयच नाही. सिॲटल किंवा सॅन फ्रान्सिस्कोवरून जाणारी स्वस्त तिकिटं दिसतात, तिथेच लोक फसतात. अमेरिकेचा वैध व्हिसा नसेल तर तिकडचा मार्ग सोडून द्या. बाकी देशांतून जाताना त्या त्या देशाचा ट्रान्झिटचा नियम वेगळा तपासा.

७. राहायचं कुठे? डाउनटाउनचे दर बघून डोळे फिरले.

ऑगस्ट हा तिकडे क्रूझचा हंगाम. अलास्काला जाणारी जहाजं परिषदेच्या इमारतीशेजारी, कॅनडा प्लेसलाच लागतात, म्हणून त्या भागातली हॉटेलं दुप्पट भाव खातात. दोघं-तिघं मिळून खोली घेणं हा जुना उपाय आहेच. नाहीतर मेट्रोच्या (स्कायट्रेनच्या) कॅनडा लाइनवर रिचमंड किंवा एक्स्पो लाइनवर बर्नबीत, स्टेशनपासून चालत अंतरावर राहा. दोन्ही मार्ग वॉटरफ्रंट स्टेशनला संपतात आणि तिथून परिषदेची इमारत पायी काही मिनिटांवर आहे. यूबीसी (ब्रिटिश कोलंबिया) विद्यापीठ उन्हाळ्यात वसतिगृहाच्या खोल्या भाड्याने देतं. त्या नीटनेटक्या असतात, पण बसने यायला वेळ लागतो आणि रात्रीचे कार्यक्रम संपल्यावर ते अंतर जाणवतं. घरगुती भाड्याच्या जागांवर २०२४ पासून प्रांताने कडक नियम आणले आहेत, त्यामुळे संशय येण्याइतकी स्वस्त जागा दिसली तर नोंदणी क्रमांक बघा.

८. विमानतळावरून टॅक्सी करावी का?

गरज नाही. कॅनडा लाइनची गाडी विमानतळातूनच सुटते आणि साधारण २५ मिनिटांत वॉटरफ्रंटला पोहोचवते. विमानतळावर तिकीट काढून शहराकडे निघताना भाड्यावर पाच डॉलर जादा लागतात. परत जाताना ते लागत नाहीत. टॅप करता येणारं क्रेडिट कार्ड चालतं, फक्त त्यावर परदेशी व्यवहार सुरू करून ठेवा. एका कार्डावर एकच माणूस जातो, म्हणजे नवरा-बायकोला दोन वेगळी कार्डं हवीत. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट नाही.

९. ते झोनचं प्रकरण काही कळत नाही.

बस कुठेही गेली तरी एकच झोन. स्कायट्रेन आणि सीबस (खाडी ओलांडणारी बोट) यांच्यासाठी झोन मोजतात, पण कामाच्या दिवशी संध्याकाळी साडेसहानंतर आणि शनिवार-रविवारी दिवसभर सगळीकडे एकाच झोनचं भाडं लागतं. नव्वद मिनिटांत गाडी बदलली तर नवं भाडं नाही. म्हणून साडेसहाला सेशन सुटल्यावर वॉटरफ्रंटहून सीबसने पलीकडे 'लॉन्सडेल की' या धक्क्याला जाऊन खाडीपलीकडून शहर बघणं ही सगळ्यात स्वस्त बोटफेरी आहे. स्कायट्रेनमधून बाहेर पडतानाही टॅप करा, बसमधून उतरताना करायचं नाही.

१०. एकाच वेळी दहा सेशन चालू असतात. काय बघावं, काय सोडावं?

ज्याचं रेकॉर्डिंग किंवा मजकूर नंतर मिळतो ते सोडा आणि जे फक्त तिथेच होतं ते बघा. वेळापत्रक समोर आलं की बाकी सगळं मी याच कसोटीवर लावतो.

शोधनिबंध घरी बसून वाचता येतात. पहिल्या संध्याकाळच्या 'फास्ट फॉरवर्ड'ला मात्र जाच. प्रत्येक निबंधाचे लेखक मंचावर येऊन मिनिटभराच्या आत आपलं काम सांगतात. कोणी कविता म्हणतं, कोणी वेश करून येतं. दोनेक तासांत अख्ख्या वर्षाचं संशोधन डोळ्यांखालून जातं आणि पुढच्या दिवसांत कोणाला गाठायचं हे ठरवता येतं. निबंध सादर होताना बसण्यापेक्षा तो संपल्यावर लेखकाला बाहेर गाठून दोन प्रश्न विचारण्यात जास्त पदरात पडतं.

दुसरं, 'रिअल-टाइम लाइव्ह'. मंचावर सगळं त्या क्षणी चालवून दाखवायचं असतं, आधी रेंडर केलेलं, म्हणजे बनवून ठेवलेलं, काही नाही. हजार लोकांसमोर सॉफ्टवेअर बंद पडण्याची भीती दाखवणाऱ्याच्या चेहऱ्यावर दिसते. रेकॉर्डिंगमध्ये ती मजा निम्मीही राहत नाही.

तिसरं, 'इमर्जिंग टेक्नॉलॉजीज'. हाताला स्पर्शाचा भास देणारी उपकरणं, विचित्र डिस्प्ले आणि प्रयोगशाळेतून सरळ टेबलावर आलेल्या वस्तू. इथे नुसतं बघायचं नसतं, हात लावायचा असतो. गर्दी वाढण्याआधी सकाळी जा.

इलेक्ट्रॉनिक थिएटर एकदा तरी मोठ्या पडद्यावर बघा. इथला सर्वोत्कृष्ट लघुपट ऑस्करच्या ॲनिमेटेड लघुपट विभागासाठी पात्र ठरतो. अभ्यासवर्ग चांगले असतात, पण त्यांच्या टिपणांवर भागतं. बऱ्याच पॅनेल चर्चा मला तरी वेळ घालवणाऱ्या वाटल्या.

११. इंग्रजी बरं आहे, पण अनोळखी मोठ्या माणसाशी बोलायला धीर होत नाही.

"मी तुमचा चाहता आहे" हे वाक्य टाळा, त्यानंतर दोघांनाही काही सुचत नाही. त्याऐवजी त्यांच्या कामातला एक नेमका प्रश्न घेऊन जा: अमुक ठिकाणी ही पद्धत का चालत नाही, आम्ही असं करून पाहिलं तर असं झालं. लोक थांबतात, कधीकधी कागद काढून आकृती काढतात. वयाने आणि मानाने मोठ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारायची तिकडे रीत आहे. सर-मॅडमची सवय असलेल्यांना पहिल्या दिवशी जड जातं, तिसऱ्या दिवशी नाही.

१२. फोटो-व्हिडिओ काढले तर चालतात का?

प्रदर्शनात आणि कलादालनात सहसा चालतात, तरी समोरच्याला विचारा. प्रॉडक्शन सेशनमध्ये चालत नाहीत. तिथे स्टुडिओ अजून कुठेही न दाखवलेले तुकडे दाखवतात, मोबाइल वर धरला तर स्वयंसेवक येऊन टोकतात आणि बाहेरही काढू शकतात. वहीत लिहून घ्या.

१३. सगळे चहाच्या किटलीसाठी रांग का लावतात?

१९७५ मध्ये युटा विद्यापीठात मार्टिन न्यूवेल यांनी आपल्या घरातल्या चहाच्या किटलीचं त्रिमितीय मॉडेल केलं. तोटी, कान आणि झाकण असलेला आणि स्वतःवरच सावली टाकणारा हा आकार चाचणीसाठी इतका सोयीचा निघाला की पुढे निम्मं ग्राफिक्स त्याच किटलीवर तपासलं गेलं. मूळ किटली कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये आहे. पिक्सारचे रेंडरमन या सॉफ्टवेअरवाले लोक प्रदर्शनात चावीने चालणारी छोटी किटली फुकट वाटतात, रांग तिच्यासाठी. हवी असेल तर पहिल्याच दिवशी जा.

१४. परिषद न बुडवता शहर बघता येईल का?

येईल, आणि व्हँकुव्हरची हीच खरी गंमत. ऑगस्टच्या मध्यावर सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो. सहाला बाहेर पडलात तरी हाताशी अडीच तासांचा उजेड असतो आणि परिषदेची इमारत थेट पाण्यावर आहे.

सुरुवात दारातूनच करा. बाहेरच्या चौकात काळ्या-पांढऱ्या ठोकळ्यांचा उडी मारणारा व्हेल दिसेल. ते डग्लस कूपलंड यांचं २००९ चं शिल्प, 'डिजिटल ऑर्का'. कमी रिझोल्यूशनचा व्हेल कोणी धातूत घडवला आहे हे ग्राफिक्सवाल्यांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही. तिथून पाण्याच्या कडेने पश्चिमेला चालत राहिलं की डाव्या हाताला काचेचे मनोरे, उजव्या हाताला उतरणारी सीप्लेन आणि समोर स्टॅनली पार्क. सुमारे चारशे हेक्टरचं हे जंगल शहराला चिकटून आहे. त्याच्याभोवतीचा समुद्रकाठचा रस्ता साधारण नऊ किलोमीटर. पायी पूर्ण करायचा तर अख्खी संध्याकाळ जाते, डेनमन स्ट्रीटवरून सायकल भाड्याने घेतली तर दीड तासात होतो. सायकलींना घड्याळाच्या उलट दिशेनेच जाता येतं आणि हेल्मेट सक्तीचं आहे. ब्रॉक्टन पॉइंटचे टोटेम, म्हणजे आदिवासींचे कोरीव, खांब सुरुवातीलाच लागतात. पुढे थर्ड बीचवर सूर्यास्त गाठता आला तर उत्तम. रात्री नऊला तोफेचा आवाज आला तर घाबरू नका, पार्कातली जुनी तोफ रोज नऊला उडते.

दुसरी संध्याकाळ गॅसटाउनला. वाफेवर शिट्टी वाजवणारं घड्याळ जुनं दिसत असलं तरी १९७७ चं आहे. पाच मिनिटं पुरतात. ग्रॅनव्हिल आयलंडचा बाजार संध्याकाळी लवकर मिटतो, तिथे दुपारी जा. फॉल्स क्रीकवरच्या इवल्याशा फेरीबोटीने जाण्यातच निम्मी मजा आहे.

१५. एखादा दिवस जादा ठेवला तर काय करावं?

मला विचाराल तर यूबीसीचं मानववंशशास्त्र संग्रहालय. आर्थर एरिक्सन यांनी काँक्रीट आणि काचेत बांधलेल्या उंच दालनात किनाऱ्यावरच्या आदिवासी समाजांचे कोरीव खांब उभे आहेत आणि बिल रीड यांचं पिवळ्या सीडरमधलं 'द रेव्हन अँड द फर्स्ट मेन' आहे. त्रिमितीय मॉडेलिंग करणाऱ्याने त्याभोवती सावकाश चक्कर मारावी.

झुलत्या पुलांपैकी कॅपिलानो प्रसिद्ध आहे, १४० मीटर लांब आणि ७० मीटर उंच, पण तिकीट भारी आहे. लिन कॅन्यनचा पूल आखूड आहे, तिकीट नाही आणि जंगल तितकंच दाट आहे. पैसे वाचवणाऱ्यांनी सीबस आणि बसने तिकडे जावं. ग्राउस ग्राइंडची पायवाट आठशे मीटरच्या आसपास सरळ चढते. दर रविवारी सिंहगड चढणाऱ्यांचीही तिथे दमछाक होते. व्हिक्टोरिया आणि व्हिसलरला प्रत्येकी पूर्ण दिवस द्या, अर्ध्या दिवसात दोन्ही उरकण्याच्या सहली घेऊ नका.

१६. परिषदेजवळ भारताशी संबंधित काही आहे का?

आहे. कोल हार्बरच्या काठाने चालत दहाएक मिनिटांवर कोमागाटा मारूचं स्मारक आहे. २३ मे १९१४ रोजी ३७६ प्रवाशांना घेऊन हे जहाज याच खाडीत आलं. बहुतेक शीख, काही मुसलमान आणि हिंदू, सगळे ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन. जन्मदेशातून सलग प्रवास करून आलेल्यालाच प्रवेश, असा कॅनडाचा १९०८ पासूनचा नियम होता आणि भारतातून तसा प्रवास करणं जवळपास अशक्य होतं. मोजक्या लोकांना उतरू दिलं, बाकीच्यांना दोन महिने जहाजावरच अडकवून २३ जुलैला परत पाठवलं. बंगालमध्ये बजबजला पोहोचल्यावर पोलिसांनी गोळीबार केला. कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली ती २०१६ मध्ये. आज आपण दोन ठिकाणी विमान बदलून तिथे पोहोचतो, ते डोक्यात ठेवून स्मारकावरची नावं वाचावीत.

१७. शहर सुरक्षित आहे का? हेस्टिंग्ज स्ट्रीटबद्दल काहीबाही ऐकलं.

एकूण सुरक्षित आहे. पण गॅसटाउन आणि चायनाटाउनच्या मध्ये ईस्ट हेस्टिंग्जचा पट्टा येतो. तिथे बेघर आणि नशेत अडकलेली माणसं मोठ्या संख्येने रस्त्यावर राहतात. नकाशा जवळचा रस्ता म्हणून तिथूनच नेतो. सहसा कोणी त्रास देत नाही, तरी नवख्याने, विशेषतः रात्री, पेंडर स्ट्रीटने जावं. माणसांचे फोटो काढू नयेत, ते तमाशा नाहीत.

१८. मी शाकाहारी आहे. खायचं काय?

उपाशी राहणार नाही, पण प्रत्येक वेळी विचारावं लागेल. भाज्यांच्या थाई रश्शात फिश सॉस असतो, सूपमध्ये हाडांचं पाणी असतं. "नो मीट, नो फिश, नो ब्रॉथ" असं तिन्ही म्हणा. आपलं जेवण आठवलं तर कॅनडा लाइनने लांगारा-४९वा ॲव्हेन्यूला उतरून पूर्वेला वीसेक मिनिटं चाला, मेन स्ट्रीटवर पंजाबी मार्केट लागेल. तिथल्या पाट्याही पंजाबीत आहेत. परिषदेच्या इमारतीतलं खाणं महाग असतं. बॅगेत भाकरवडी-चिवडा असू द्या, पण कॅनडात उतरताना खाद्यपदार्थ जाहीर करा. पेढे, तूप, फळं घरीच ठेवा. पाटीवरचा दर म्हणजे शेवटचा दर नव्हे, बिलात कर चढतो आणि हॉटेलात पंधरा-वीस टक्के टिपही अपेक्षित असते.

१९. कपडे, चार्जर, घड्याळ?

बाहेर २२-२३ अंश, आत एसी कडक. स्वेटर बाहेरसाठी नाही, हॉलसाठी लागतो. सूट-टाय कोणी घालत नाही. दिवसभर चालणं होतं, नवे बूट नकोत. वीज १२० व्होल्ट आणि चपट्या पिना. मोबाइल-लॅपटॉपला साधा ॲडॅप्टर पुरतो, आपली इस्त्री तिथे नीट तापत नाही. उन्हाळ्यात वेळेचा फरक साडेबारा तास: तिथे सकाळचे नऊ तेव्हा घरी रात्रीचे साडेनऊ. घरी फोन करायला तीच वेळ बरी. काही वर्षी वणव्यांचा धूर शहरावर येतो, दम्याच्या लोकांनी औषध जवळ ठेवावं.

२०. व्हिसा नाकारला गेला तर?

नोंदणीचे पैसे परत मिळण्याची मुदत असते, ती निकाल येण्याआधीच कॅलेंडरवर लिहून ठेवा. त्या वर्षी दूरस्थ सहभागाची सोय आहे का ते बघा. सिग्राफ एशिया वर्षाच्या शेवटी आशियात किंवा आसपास होते, २०२४ ला टोकियो आणि २०२५ ला हाँगकाँगला झाली. प्रवास कमी आणि व्हिसा बहुधा सोपा. देशातच राहायचं तर डिसेंबरात होणारी आयसीव्हीजीआयपी ही ग्राफिक्स आणि इमेज प्रोसेसिंगची परिषद आहे. तिथे सिनेमाची झगमग नाही, पण संशोधकांशी बोलायला मिळतं.

२१. तिथे नोकरीबद्दल बोलता येतं का?

बोला, शोरील (आपल्या कामाची छोटी चित्रफीत) दाखवा, कार्ड घ्या. व्हिजिटर व्हिसावर काम मात्र करता येत नाही आणि "जागेवर नोकरी देतो" म्हणणाऱ्यापासून लांब राहा. रील मोबाइलमध्ये उतरवून ठेवा, हॉलमधल्या वायफायवर विसंबू नका.

२२. बायको किंवा नवरा बरोबर आला तर कंटाळेल का?

परिषदेत कंटाळेल, शहरात नाही. बरोबरच्या माणसासाठी फक्त प्रदर्शनाचा पास घ्या, एक दुपार मजेत जाते. लहान मुलांना आत घेण्याबद्दल नियम असतात, ते आधी वाचा. आई-वडिलांना नेत असाल तर मुक्काम डाउनटाउनलाच ठेवा, तिथे प्रश्न ७ मधली काटकसर नको.

२३. उद्घाटनाला कोणत्या तरी लोकांच्या जमिनीचे आभार मानतात, ते काय?

व्हँकुव्हर हे मस्क्वीम, स्क्वामिश आणि त्स्लेल-वाउतुथ या समाजांच्या भूमीवर वसलेलं आहे आणि त्यांनी ती कधीच कराराने सोडलेली नाही. म्हणून सार्वजनिक कार्यक्रमाच्या सुरुवातीला तसं म्हणतात. शांतपणे ऐकायचं, टाळ्या हव्यात का ते आजूबाजूला बघून ठरवायचं.

२४. शेवटच्या दिवशी विमान रात्री आहे. सामानाचं काय करू?

हॉटेल सोडलं तरी सामान संध्याकाळपर्यंत सांभाळतात, निघताना विचारून ठेवा. परिषदेतही सामानघर असतं, पण शेवटच्या दिवशी तिथे रांग असते आणि ते लवकर बंद होतं. प्रदर्शन मिटायच्या तासाभरात कंपन्या उरलेले टी-शर्ट आणि पोस्टर वाटून टाकतात, तेव्हा बॅगेत जागा ठेवा. आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी पोहोचायचं म्हणून वॉटरफ्रंटहून चार तास आधी निघा.